दुहेरी रेघ

डॉक्टर चार्लटननी चौकोन काढला, हा तुमचा नवरा.
गोल काढला, या तुम्ही.
दोघांमध्ये रेघ. मग पेन जरा थांबलं
आणि त्या रेघेखाली दुसरी आली, हळूच.
न्यूकॅसलच्या त्या खोलीत कुणी मान वर केली नाही.
मीच म्हणाले, हो, माझ्या आत्याचा मुलगा.
आमच्यात चालतं.

"बरं झालं, घरातलीच पोर घरात आली,"
आत्या म्हणाली होती, ओटी भरताना.
पणजोबांचं काहीतरी असं घरातच राहिलं,
एक प्रत त्याच्यात, एक माझ्यात,
दोघांना कधी साधी सर्दी टिकली नाही.

झॅप-सत्तर.
एखाद्या मिक्सरचं नाव वाटतं, सुजित म्हणाला.

रक्तात पेशी होत्या, म्हणून तर कळलं नाही कुणाला.
काही शिकून बाहेर पडल्याच नाहीत.
ज्या पडल्या, त्यांना ऐकू येत नाही:
दाराचं बटण दाबलं जातं,
आत घंटा वाजत नाही.
सुजित सन्डरलंडच्या कारखान्यात वायरिंग बघतो.
त्यानं तार काढून दाखवली मला, इथे तुटलंय, इथे,
आणि कागद घडी करून खिशात ठेवला,
जसा पाळी संपली की जोडूनच येणार होता.

निषादच्या दंडावर बीसीजीचा फोड
आठ महिने झाले, ओलाच आहे.
टोचून घ्या म्हणून मीच मागे लागले होते,
गावी जायचं होतं ना, जावळाला.
जावळ इथेच उतरलं,
औषधानं, उशीवर, मामाच्या मांडीशिवाय.
नर्सनं चिकटपट्टीनं टिपून घेतलं.
मी म्हटलं, टाकू नका.
तिनं टाकलं. नियम आहे.

खोलीला दोन दारं. एक मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही.
मधल्या जागेत मी कोपरापर्यंत हात धुते
आणि काचेतून बघते, तो माझ्याकडे न बघता
स्वतःच्या पायाशी खेळतोय.

रेवतीच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली मंगळवारी.
सहा वर्षांची आहे, मराठी इथलंच, घरापुरतं.
"माझी मज्जा बाळाला दिली," सगळ्यांना सांगते.
रात्री मात्र पांघरुणातून विचारलं,
"मला उरली का?"
म्हटलं, उरते गं. परत भरते.
डॉक्टरही तसंच म्हणाले होते.

आत्या फोनवर रोज तेच विचारते,
कुणावर गेलाय गं?
आधी म्हणायचे, आपल्यावरच.
काल म्हटलं,
रेवतीवर जाईल आता. जाऊ दे.