गोळा टाकून बघ

ती काळी नको घेऊस, आरशाची.
फोटोत छान दिसते, मान्य.
निरभ्र दिवशी उश्बाची दोन्ही शिखरं तिच्यात उतरतात.
पण आज उश्बा आहे कुठे?
बघ बाहेर. लिफ्ट तिसऱ्या खांबाशी संपते
आणि त्यापुढे खुर्च्या नुसत्या
कुठून तरी येतात, कुठे तरी जातात.

काळी शंभरातला दहा उजेड आत सोडते.
मार्चची आहे ती,
बर्फ डोळ्यांत सुया टोचतो तेव्हाची.
आज उजेड कमी नाही, हे आधी समजून घे.
उजेड रग्गड आहे.
ढगातून खाली, बर्फावरून वर, पुन्हा ढगातून खाली,
सगळीकडून येतो
म्हणून कुठूनच येत नाही.
विरजण लागलेल्या दुधासारखा बसलाय खोऱ्यात.
नाही ती सावली.

आणि सावली गेली की उतार जातो.
उंचवटा जातो, खड्डा जातो.
डोंगर तेवढा राहतो,
इस्त्री करून घडी घातलेला.

ही गुलाबी धर. दारातून बघ.
लाकडाच्या ढिगाकडे जाणारी पावलं दिसली?
माझीच आहेत, सकाळची.
मघाशी दिसत नव्हती ना?
लेन्सने उजेड नाही वाढवला,
निळा तेवढा गाळून टाकला.
आता पिवळी लाव. हिच्यातूनही दिसतात,
पण पिवळीतून सगळं जरा आनंदी दिसतं,
म्हणून माझा तिच्यावर भरवसा नाही.
मुर्झाकानकाका पिवळीच लावायचा,
एका कडेला चिकटपट्टी मारलेली.

एकदा आम्ही दोघं झुरुल्दीच्या धारेवर होतो.
मी एकोणीस वर्षांची, माझ्या डोळ्यांवर भावाची काळी,
कारण ती मला शोभायची.
ढग खालून चढत आला.
मी खाली जात होते, जात होते,
वारा कानाशी होता, गुडघे वाकलेले,
आणि मग एकदम आडवी.
काका म्हणाला, लामारा, तू केव्हाची थांबलीयेस.
उभ्या उभ्या पडलीस.

हसलो दोघंही.
मग मला ओकारी आली.
वर कुठे आणि खाली कुठे
हे पोटालासुद्धा कळेना.

काकाने बर्फाचा गोळा वळला, पुढे टाकला.
तीन हातांवर टप्प.
तिथवर गेलो.
पुन्हा गोळा. पुन्हा टप्प. थोडा घरंगळला,
म्हणजे उतार उजवीकडे.
असं किती वेळ, मोजलं नाही.
हातमोजे भिजले, बोटं गेली.
मग एक गोळा टाकला
आणि तो पडलाच नाही.

आम्ही ऐकत राहिलो.

काका काही बोलला नाही.
माझ्या जाकिटाची कॉलर मुठीत धरली
आणि डावीकडे वळला.
पाइनची पहिली काळी रेघ दिसली
तेव्हा कुठे मूठ सोडली.
झाडं होती म्हणून बर्फाला पुन्हा बर्फपण आलं.

तर गुलाबी.
पंधरा लारी, पाचच्या आत परत.
कपाळावर सरकवून ठेवू नकोस, घामाने आतून धुकं धरते.
आणि धरलंच, तर बोटाने पुसू नकोस,
आतला थर निघून येतो, मग तू आणि मी दोघंही रडू.
झाडांच्या कडेने जा.
फार वर जाऊ नकोस, वर आज काही नाही.
आज कुठल्याच रंगाला जास्त मानू नकोस, गुलाबीलाही.

काळी हवीच आहे?
घे, खिशात ठेव.
दुपारी ढग उघडला तर लागेल.
उघडतो कधी कधी.

आणि थांबलीयेस की चालतेयस
हे कळेनासं झालं,
तर आधी बस.
बसल्या बसल्या एक गोळा वळ.