रेघ

प्लॅनेटाला किक मारली की आधी आरसा थरथरतो,
मग नंबरप्लेट, मग तुझी दाढ.
एकच सिलिंडर, शागदर, आणि साडेतीनशे सीसीचा राग.
बाहेर पडायला वाट सापडेना की तो
एकेका नटाला विचारत सुटतो:
तू येतोस का? तू?

मांडलगोवीच्या दक्षिणेला रस्ता म्हणजे
शंभर किलोमीटर अंथरलेला पन्हाळी पत्रा.
तुझ्या बापाने चेनकव्हर तिथेच कुठेतरी वाहिलं,
सायलेन्सरची चकती एका उंटाने शोधून दिली
(म्हणजे उंटाच्या मालकाने, पण श्रेय उंट घेतो).

नट दणक्याने सुटत नाही.
दणका त्याला कळतो, तो दातखीळ बसल्यासारखा धरून राहतो.
सुटतो तो बारीकसारीक हिसक्यांनी.
केसभर इकडे, केसभर तिकडे,
आणि दर वेळी परतताना
जरासा कमी परत येतो.

तर बघ. आधी आटे पेट्रोलने धू.
तेलकट आट्यांवर कुठलंच औषध धरत नाही.
निळं औषध, थेंबभर.
ओततोस काय? सूप आहे ते?
एंजिनच्या बोल्टांना दोन-दोन नट,
पाठीला पाठ लावून, भांडलेल्या जावांसारखे;
एकमेकींना रेटत राहतात म्हणून दोघी जागेवर.
एक्झॉस्टपाशी नायलॉनचा नट नको, लोण्यासारखा पाघळेल.
तिथे तार. आणि ती अशी ओव
की नट सुटू लागला तर तारेने त्याला
आवळायच्या दिशेलाच ओढावं.
एकदा तार संपली तेव्हा मी
घोड्याच्या शेपटीचे केस वळून बांधले होते.
दालानझादगादपर्यंत पोचलो.
सुंभ जळला, पीळ शिल्लक होता.

पान्ह्याला पाइप घालून जोर दाखवू नकोस.
आवळायला ताकद नाही, कान लागतो.
मनगटाला एक जागा सापडते
तिथे लोखंड किंचित ताणतं आणि गप्प होतं.
तू पण तिथेच गप्प हो.
त्याच्या पुढे गेलास तर आटे गेले,
मग बसशील नुसताच फिरवत.

आता ही बाटली. हसू नकोस.
नोमिनतुया बुसानहून पाठवते.
तिथे ती दिवसभर मासे सोलते,
रबरी हातमोज्यात नखं कोण बघणार, म्हणते.
फोनवर विचारते, कुठला रंग पाठवू?
मी म्हणते, धुळीतून दिसेल तो.
नट आणि चौकट, दोघांवरून मिळून एक रेघ.
रेघ सलग आहे, झोप.
रेघ तुटली, पान्हा काढ,
अजून काही पडलेलं नाही तोवर.

प्रत्येक फोनच्या शेवटी ती म्हणते, सगळं ठीक.
फोन ठेवल्यावर मी तो शब्द
बराच वेळ उजेडात धरून बघते.

शंभर किलोमीटर झाले की ये म्हटलं होतं,
तू आलास सहा आठवड्यांनी,
मडगार्डमध्ये गोठलेला चिखल घेऊन.
खारट चहाच्या दोन वाट्या प्यालास,
मेंढ्यांचं सांगितलंस, लांडग्याचं सांगितलंस.
मी टॉर्च घेऊन वाकले.
हेडच्या रेघा सलग. एक्झॉस्टची तार ताठ.
पुढचं चाक, मागचं चाक, टाकी, सगळं सलग.
फक्त मागची पायदानं.
ती मी मिटूनच ठेवली होती,
एकटा पोरगा, म्हटलं, कोण वापरतंय.
दोन्ही उघडी, आणि दोन्हींच्या रेघा
तांदळाच्या दाण्याएवढ्या सरकलेल्या.

"खड्डा होता," तू म्हणालास.
खड्डा काय पाय टेकून बसतो, शागदर?
तुझे कान बाटलीच्या रंगाचे झाले.

पुढे मी काही विचारलं नाही.
वायसर बदलले, आटे धुतले, औषध, पान्हा,
मनगटाची ती जागा.
मग बाटली हलवता हलवता सहज म्हटलं,
"वजन किती धरू?"

"पंचावन्न," तू म्हणालास.
आणि मग,
"कशाचं?"