सातच्या कमरेला रेघ

पहाटे साडेपाचला एरी सरोवरावरून येणारा वारा
अजून मार्चचाच, भिंतीवर मे लागला असला तरी.
मार्लिस ओबरहोल्त्झर, पायांत गमबूट, कपाळावर दिवा,
विलोंच्या वाटेने बारा जाळ्या उलगडत जाते.
केसांहून बारीक दोरे. दिसत नाहीत;
दिसू नयेत म्हणूनच विणलेले.

माझं काम लिहिण्याचं.
ती सांगते, मी लिहिते.

पहिल्या फेरीत नऊ पिशव्या,
सुती, नाडीच्या, खुंट्यांना टांगलेल्या,
प्रत्येक पिशवी आपापली धडधडणारी.

पहिला मॅग्नोलिया वार्बलर. मान दोन बोटांच्या बेचक्यात.
ती त्याच्या पोटावर फुंकर घालते,
बशीतल्या चहावर घालावी तशी.
पिसं दुभंगतात. पातळ कातडीखाली
लोण्यासारखा पिवळा थर.
"चरबी तीन. सरोवर ओलांडेल हा."
मग फिल्मच्या जुन्या डबीत डोकं खाली, पाय वर,
निमूट.
नऊ ग्रॅम.

दहाला तिसरीची मुलं येतात.
टोबिन नावाचा एक विचारतो, "कडी दुखते का त्याला?"
"तुझ्या मनगटावर घड्याळ आहे. दुखतं?"
तो घड्याळाकडे बघत राहतो.
"कधीकधी."
मार्लिस हसत नाही. "बरोबर," म्हणते.

मग चार नंबरच्या जाळीतला कॅटबर्ड,
राखाडी, मांजरासारखा कुरकुरणारा,
पायात आधीचीच कडी.
इतकी झिजलेली की भिंगातूनही तिला आकडे लागेनात.
टोबिनने वाचले, एकेक, नाक जवळ नेऊन.

मी जुनी वही काढली. सहा वर्षं मागे.
हीच जाळी, हाच आठवडा,
आणि अक्षर ऑरिनचं:
प्रत्येक सातच्या कमरेला आडवी रेघ,
कडेला कॉफीच्या कपाचं अर्धं वर्तुळ.

ऑरिनला जाऊन दोन वसंत झाले.
मार्लिसने पान पाहिलं. पक्षी हातात होता,
हात हलला नाही.
"पंख एक्याण्णव," म्हणाली.
"लिही."

सोडल्यावर तो लांब गेलाच नाही.
समोरच्या डॉगवुडमध्ये बसून
बराच वेळ आम्हाला शिव्या घालत होता.

दुपारी जाळ्या गुंडाळल्या. एकूण एक्केचाळीस.
बेरीज तपासताना दिसलं,
कॅटबर्डच्या ओळीपासून खाली
सगळ्या सातांना रेघ होती.
माझ्याच हातची.
खोडरबर शेजारीच होतं.