दुधाच्या हिशेबाची वही

दवाबाजारात माझं घाऊक दुकान,
दुसरा मजला, जिना अंधारा.
दिवसभर खोकी फोडतो, तारखा बघतो,
धार-बडवाहच्या केमिस्टांना फोनवर सांगतो,
"भेज दिया भिया, शाम की बस से."
बावीस वर्षांत कुठल्याच गोळीला भ्यालो नाही.
दुसऱ्यांची मुलं मला आकडे वाटत आली,
दहाची एक पट्टी, दहा पट्ट्यांचं खोकं.

मग एक चिठ्ठी आली:
ध्रुव मुळ्ये, वय वर्षं आठ.

नाव आम्हीच ठेवलेलं. अढळ म्हणून.
आत्या कानात सांगत होती
तेव्हाही तो पाळण्यातून अर्धा बाहेर होता.

वैजयंती म्हणाली, आधी ताट बदलून बघू.
आणि तेही इंदुरात,
जिथे सकाळ पोह्यांच्या वाफेवर उगवते
आणि बशीत जिलेबी दिसली नाही
तर लोक विचारतात, घरी कुणी आजारी आहे का.

शेवेचा डबा वरच्या फळीवर गेला,
मग त्याहून वरच्या,
मग शेजारी दिघ्यांकडे.
लाल सरबत गेलं, पिवळी बुंदी गेली,
वाढदिवसांच्या पिशव्यांची दारातच झडती.
नाचणी आली, अक्रोड आले, जवसाची चटणी आली,
आणि दुधाच्या हिशेबाची वही,
तिच्या मागच्या पानांवर:

३ तारीख. सकाळी धिरडं. शाळेतून फोन नाही.
७. मुंजीत बर्फी खाल्ली. साडेअकरापर्यंत सोफ्यावर उड्या.
९. बर्फी नाही, काहीच नाही. तरी उड्या.
१४. दिवसभर शांत!! पुस्तक घेऊन बसला.

या ओळीखाली दोन रेघा.
त्यांच्याही खाली, संध्याकाळी, बारीक अक्षरात:
ताप होता. एकशे दोन.

मी ते वाचलं, वही होती तशी ठेवली.
आम्ही दोघंही त्याबद्दल
कधी बोललो नाही.

देवासहून आईचा फोन:
एवढ्याशा पोराला डोक्याची गोळी?
विकतोस ते पुरे नाही का?

डॉक्टर चांदोरकरांनी वही पहिल्या पानापासून वाचली,
दुधाचा हिशेबसुद्धा.
म्हणाल्या, नाचणी चालू ठेवा, चांगलीच आहे.
फक्त तिच्याकडून गोळीचं काम मागू नका.

सोमवारी अर्धी.
सुरीनं कापताना भुगा ओट्यावर सांडला,
तो मी बोटानं टिपून घेतला,
का, ते माहीत नाही.

दुपारी दप्तर न फेकता तो म्हणाला,
"बाबा, आज वर्गातला पंखा
नुसता पंखा होता."
आणि बाई?
"त्या पण होत्या. बोलत होत्या."

डबा मात्र तसाच परत.
मंगळवारीही. बुधवारी एक घास कमी, एवढंच.
सदऱ्याखाली त्याच्या बरगड्या लागतात हाताला.
तीन महिने ज्याच्या हातातून घास काढून घेतला
त्याच्यामागे आता ताट घेऊन फिरतो आम्ही,
आणि तो म्हणतो, नको, खरंच नको,
इतक्या सभ्यपणे, की धस्स होतं.

भूक येते रात्री.
उशिराच्या पाहुण्यासारखी, चपला न काढता आत.
आणि आमचं गाव असं,
की सराफ्यात सोन्याची शटरं खाली येतात
तेव्हा त्यांच्याच पायऱ्यांवर कढया चढतात.

तिघं एका स्कूटरवर.
भुट्ट्याच्या कीसाच्या दोन प्लेटी त्यानं संपवल्या,
बोलत, सांडत, मध्येच गर्दीत पळून परत येत,
आमचा जुना ध्रुव, लिंबू पिळलेला.
मग जिलेबीच्या कढईपुढे थांबला.
आईकडे न बघता विचारलं,
"वहीत लिहिशील?"

"लिहीन," ती म्हणाली.

२६. सराफा, रात्री १०.४०. जिलेबी एक.
अर्धी मी खाल्ली.

शेवेचा डबा अजून दिघ्यांकडेच आहे.
गुरुवारी वजन करायला बोलावलंय.