कंट्रोल

लिफ्ट बंद होती, म्हणून नळ्या घेऊन मीच खाली उतरले.
परळच्या त्या दगडी इमारतीच्या दारात
वॉचमनच्या खुर्चीवर नफिसा दळवी,
फ्रिजमधली बाटली मानेला लावून.
उष्म्यात तिचा उजवा डोळा धूसर होतो.
माझगावच्या शाळेत चित्रकला शिकवायची;
आता सरळ रेघ मारताना, म्हणाली,
हात आधी विचार करतो.

चार नळ्या भरल्या. पाचवी माझी.
कंट्रोलचा मुलगा आला नव्हता
आणि प्रयोगाला एक निरोगी माणूस लागतं.

वर, दोन रात्री, सदतीस अंशांवर,
पेशींसमोर मायेलिनचे तुकडे ठेवले:
नसांवरचं ते स्निग्ध वेष्टण,
ज्याच्यामुळे डोक्यातला शब्द
बोटापर्यंत वेळेवर पोचतो.
ज्या पेशीला ते तुकडे ओळखीचे वाटले
तिने तळाशी एक ठिपका सोडला.
निळसर. रांगोळीचा म्हणू नका,
रांगोळीचे ठिपके कोणीतरी मोजून घालतं.

नफिसा: एकसष्ट.
मी: बावीस.

पुन्हा मोजले. भिंग पुसून पुन्हा.
बावीस.

छातीच्या हाडामागे म्हणे एक शाळा असते,
घरच्यांवर धावून जाणाऱ्या पेशींना
तिथेच कायमचं नापास करतात.
परीक्षा कडक. तरी काही सुटतात,
चांगल्या धडधाकट माणसाच्याही अंगात,
आणि आयुष्यभर रक्तातून हिंडतात
शहाण्यासारख्या, हात मागे बांधून.

सर म्हणाले, कुंपणच शेत खातं, दुसरं काय.
मी मान हलवली.
माझ्याही कुंपणाला शेताची चव ठाऊक आहे
हे त्यांना तक्त्यात दिसेलच:
खालची ओळ, कंट्रोल, स्त्री, वय एकेचाळीस.
ते अजून कशापायी थांबलंय
याचं उत्तर आमच्याकडच्या कुठल्याच बाटलीत नाही.

हातमोजे काढले. करंगळी मिटली, उघडली.
जिन्यात कठडा न धरता एक मजला उतरून पाहिला,
मग लाज वाटली.

शुक्रवारी तिचा फोन.
"काय निघालं हो माझ्या रक्तात?"
हा रिपोर्ट नसतो, संशोधन असतं,
असं सांगायचं ठरलेलं आहे.
सांगितलं.
मग विचारलं, डोळे कसे आहेत.
म्हणाली, संध्याकाळी बरे असतात,
समोरच्या गोदीतल्या क्रेनचा दिवा आज एकच दिसला,
काल दोन होते.