सावकाश

तीन वर्षं झाली, एक पुस्तक पुरं झालं नाही.
सुरुवात तेवढी करायचो.
कुठल्यात अठराव्या पानावर विजेचं बिल,
कुठल्यात तेविसाव्यावर कोल्हापूरचं तिकीट,
खूण म्हणून खोचलेलं,
आणि तिथून पुढं रस्ता खणून ठेवल्यासारखा.

दिवसभर वखारीत मी तंबाखूच्या बोदांचे आकडे लिहितो.
वजन, तूट, हमाली, भाडं.
डोळे आपोआप खाली उजवीकडं जातात,
बेरीज शोधत.
कादंबरीलासुद्धा मी बेरीज विचारू लागलो होतो.

बायको म्हणाली,
वाचत नाहीस तर कपाट तरी मोकळं कर,
पोरीच्या दप्तराला जागा होईल.
रागानं नाही म्हणाली.
म्हणून जास्त लागलं.

गुरुवारी, निपाणीच्या बाजारादिवशी,
भाजीची पिशवी घेऊन मी नगरपालिकेच्या वाचनालयात शिरलो.
आत पंखा, आणि पायगोंडा मगदूम.
समोर दोन पेपर, एक मराठी, एक कन्नड,
दोन्हीवर एकेक बोट.
"अपघात तोच," मला म्हणाले,
"जखमी मात्र इथं सात, तिथं नऊ.
दोघांची गाठ कुठं पडती बघतोय."

शकुंतलाबाई हडपद टेबलामागं शिक्के पुसत होत्या.
मराठी कपाटाला कुलूप.
किल्ली शिपायाकडं,
शिपाई संकेश्वरला, मेव्हण्याच्या लग्नात.
मी परत फिरलो तर म्हणाल्या,
"आलाय तर बसा की,"
आणि हातात दिलं पोरांसाठीचं कन्नड पुस्तक,
विहिरीत पडलेल्या शेळीचं.

मला कन्नड येतं ते बोलण्यापुरतं,
वाचायचं म्हणजे बसची पाटी, जमिनीचा उतारा,
फॉर्मवर स्वतःचं नाव.
गोष्ट कधी वाचली नव्हती.
आमची अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी एका रांगेत,
ही सुटी सुटी बसलेली,
ज्याच्या त्याच्या डोक्यावर टिचभर छप्पर.
एकेकाचं दार वाजवत गेलो.
'शे' नव्हे, 'आ'. आडु. शेळी.
ओठ हलायला लागले, लाज वाटली,
चष्मा पुसायचं निमित्त केलं.

"सावकाश ओद्री,"
बाई मान वर न करता म्हणाल्या.
सावकाश वाचा.
त्यातला अर्धा शब्दसंग्रह आमच्याच घरचा होता,
की आमच्या घरी त्यांचा,
कोण जाणे.
मी मात्र सावकाश झालो.

दीड तासात चार पानं.
शेळी अजून पाण्यात,
काठावर एक म्हातारी दोरी आणायला पळालेली,
आणि तिच्या पायातली एक चप्पल
चित्रकारानं वाटेतच सोडलेली.
ती चप्पल मी किती वेळ बघत होतो!
उजव्या कोपऱ्यात पानाचा नंबर होता फक्त.
त्याची बेरीज कशात करणार?

बाजार उठला होता.
उरलेली कोमेजली मेथी घेऊन घरी गेलो,
बोलणी खाल्ली.

नंतर किल्ली आली, मराठी कपाट उघडलं,
वाळवीची पूड झटकून बाईंनी तीन पुस्तकं काढून दिली.
त्यातलं एक चव्वेचाळीसपर्यंत आलंय.
ओळीखाली बोट ठेवूनच वाचतो,
मराठी असली तरी.
आणि कामानं चिकोडीला, हुक्केरीला गेलो
की वाचनालय कुठं म्हणून विचारतो.
लोक आधी लॉजचा पत्ता सांगतात.
चिकोडीच्या वाचनालयात गळकं छत आहे
आणि बाकावर झोपलेला एक माणूस,
त्याच्या छातीवर उघडा नकाशासंग्रह,
श्वासाबरोबर वरखाली होणारा.

रात्री पोरगी विचारते,
आप्पा, शेळी निघाली काय वर?
नाही अजून.
म्हातारी आत्ता कुठं दोरीपाशी पोचली आहे.
तू वाच की भरभर!
मी पुस्तक मागून उघडतो,
शिक्का दाखवतो तिला:
अजून सहा दिवस आहेत.