मागचा दिवा, उजवा

पाचपाखाडीच्या डॉक्टर कारखानिसांनी
दीड वर्षाचं बिल थकवलं होतं:
एकशे बारा कॅपा, सात पूर्ण कवळ्या, ब्रिज वेगळे.
दवाखाना विकून मुलाकडे निघाले तेव्हा म्हणाले,
पैसे नाहीत, गार्गीबाई. गाडी न्या.

अशी आली ही फियाट,
फिक्या पिस्ता रंगाची, चौऱ्याहत्तरची,
मागून आंधळी.
दिव्यांच्या जागी दोन भोकं,
एका भोकात कुंभारमाशीचं घर.

कोपरीतला पोरगा म्हणाला, एलईडी टाका मॅडम,
पट्टी पळते, ब्रेक दाबला की नाचते.
वागळे इस्टेटमध्ये एकाने रिक्षाचे गोल दिवे
हाताने धरून दाखवले.
गाडी एकदम कुणाची तरी मावशी दिसायला लागली,
दुसऱ्याचा चष्मा घातलेली.

मग शिळफाटा. चार रविवार.
रियाझ तुंगेकर दार ओळखतात बिजागरीवरून,
हॉर्न ओळखतात कानाशी हलवून.
पाचव्या रविवारी त्यांनी गोणपाटातून एक काच काढली,
लुंगीला पुसली.
डावी.
उजवी?
उजवी आधी फुटते बाई,
ओव्हरटेक करणारा तिथूनच घासून जातो.
किती द्यायचे, विचारलं
तर तोंड उघडून खालच्या दाढेची रिकामी जागा दाखवली.
मी डॉक्टर नाही हो.
दात तर तुम्हीच बनवता ना?

रात्री लॅबमध्ये, कवळ्या आटपल्यावर
डाव्या काचेचं माप घेतलं, प्लॅस्टर ओतलं,
मेण तापवलं
आणि पुढ्यात आरसा ठेवला.
डाव्या सुळ्यावरून उजवा कोरते आहे
सव्वीस वर्षं,
हात आपोआप उलटा चालतो.
फक्त सुळ्याला आतून रेघा नसतात.
हिला एकोणचाळीस होत्या.
एकेक, सुईने.

लाल रंग आणला उथळसरच्या नंबरप्लेटवाल्याकडून,
कागदाच्या पुडीत, कुंकवासारखा.
पहिली काच निघाली हिरडीच्या रंगाची,
सवयीने नेहमीचाच डबा उचलला होता.
दुसरीत बुडबुडा. पाणी घाईने उकळवलं.
तिसरी प्युमिसने घासली, कापडाच्या चाकावर धरली,
मग ट्यूबलाइटसमोर.
डावीपेक्षा किंचित गुलाबी.
राहू दे, म्हटलं.
शेजारशेजारच्या दोन दातांचा रंगही
कुणाचा तंतोतंत जुळत नाही,
जुळला की समजावं, बसवलेला आहे.

तुंगेकरांची दाढ मंगळवारी बसली.
बुधवारी काच.

प्रणोती स्कूटरवरून मागे, मी पुढे,
कापूरबावडीच्या पुलाखाली ती ओरडली,
लागलेत! दोन्ही लागलेत!
आणि मग, ताई, उजवा डोळा मारतोय!
अर्थिंग. बॉनेटमधून एक वायर, दोन शिव्या.

माझे दात घालून
कोण हसलं, कुणी ऊस सोलला,
कोण कुणावर दातओठ खाऊन धावून गेलं,
मला कधी कळलं नाही.
खोक्याला रबरबँड लावते, पोरगा घेऊन जातो.
खोक्यावर पेशंटचं नाव असतं, तोंड नसतं.
या दिव्याचंही तेच होणार, धरून चालले होते.
दिसेल तो मागच्या ट्रकवाल्याला,
आणि त्याला काय पडलंय
काच कुणी कोरली त्याचं.

पण रात्री सोसायटीत गाडी मागे घेताना
ब्रेक दाबला
आणि आरशात, पंपरूमच्या चुन्याच्या भिंतीवर,
दोन लाल डाग उमटले.
उजवा जरा गुलाबी.
कुणाला सांगितल्याशिवाय दिसणार नाही इतपत.

लागली मॅडम, लागली, वॉचमन म्हणाला,
ब्रेक सोडा आता.

सोडते, म्हटलं.
पाय तिथेच होता.